दार उघडे, उंबरठा उंच

बनारसला गेलेल्या मराठी माणसाची पावले आपोआप घाटाकडे वळतात. माझीही वळली. पण एक सकाळ मी घाटांकडे पाठ करून संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या आवारात काढली. टोकदार कमानींची, इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या चर्चसारखी दिसणारी तिथली मुख्य इमारत मेजर किट्टो या लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधून घेतली. बाहेरून चर्च आणि आत न्याय, व्याकरण, ज्योतिष. जोनाथन डंकन या कंपनी सरकारच्या रेसिडेंटाने 1791 मध्ये सुरू केलेल्या संस्कृत पाठशाळेचा हा वारसा.

मी तिथे गेलो होतो एका मराठी माणसाच्या ओढीने. नृसिंह देव परांजपे हे त्यांचे नाव, पण पंचांगाच्या आणि गणिताच्या जगात ते ओळखले गेले बापूदेव शास्त्री म्हणून. जन्म 1821 चा. लहानपणी नागपूरच्या मराठी शाळेत शिकले, भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित तिथेच एका पंडिताकडे गिरवले. लॅन्सलॉट विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या मुलाची हुशारी ओळखून त्याला सिहोरच्या पाठशाळेत नेले. 1842 मध्ये, जेमतेम विशीत, बापूदेव काशीच्या याच पाठशाळेत, म्हणजे संस्कृत कॉलेजात, शिकवू लागले.

समोर बसलेल्या मुलांना इंग्रजी येत नव्हते. पाणिनी मुखोद्गत, न्यायाचे अवच्छेदक-अवच्छिन्न जिभेवर, पण युरोपातले बीजगणित आणि त्रिकोणमिती सर्वस्वी अनोळखी. बापूदेवांनी त्यांना आधी इंग्रजी शिकून या, असे सांगितले नाही. पाश्चात्त्य गणित त्यांनी संस्कृतात आणले आणि बीजगणिताचे पुस्तक हिंदीत लिहिले. कॉलेजचे प्राचार्य जेम्स बॅलंटाइन यांचीही पद्धत तीच. पंडितांना युरोपचे विज्ञान समजावून द्यायचे, तर त्यांना ठाऊक असलेल्या न्यायदर्शनाच्या मांडणीतून ते द्यावे, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी तसे पुस्तकही केले. बापूदेवांचे शिष्य सुधाकर द्विवेदी यांनी पुढे कलनशास्त्रावर हिंदीत ‘चलन कलन’ लिहिले. हे सगळे एकोणिसाव्या शतकात, बनारसमध्ये.

या गोष्टीची दुसरी बाजू तितकीच ठळकपणे सांगायला हवी. त्या कॉलेजचे दार जवळजवळ ब्राह्मणांपुरतेच उघडे होते. आत आलेल्या मुलासाठी शिक्षक खाली वाकत होते, पण आत कोण येणार हे जन्माने ठरत होते. आज चित्र नेमके उलटे झाले आहे. कायद्याने दार सगळ्यांना उघडे आहे आणि सगळे येतही आहेत. आत शिरल्यावर मात्र पायाला ठेच लागते, कारण उंबरठा उंच आहे. भाषेचा उंबरठा, वेळेचा, अंतराचा, आणि काही मुलांसाठी ताटाचासुद्धा.

विद्यापीठीय शिक्षण लवचीक करायचे आहे, हे वाक्य गेली काही वर्षे आपण सतत ऐकतो आहोत. जुलै 2020 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. एका वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. 2021 मध्ये श्रेयांकांची बँक सुरू झाली. मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत परत येऊन पुढे शिकता येते. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम करून सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवायची मुभा आहे. 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात. नियम म्हणून यातले बहुतेक चांगले आहेत आणि मला ते हवे आहेत.

पण लंकेवर दोन दिवस हिंडा. बनारस हिंदू विद्यापीठाच्या, म्हणजे बीएचयूच्या, सिंहद्वारासमोरचा हा चौक. विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांचा पुतळा, ई-रिक्षांची गर्दी, झेरॉक्सची दुकाने, एका टोकाला पुस्तकांचे ढीग आणि त्यांत मूळ ग्रंथांपेक्षा जास्त कुंज्या. आपल्याकडे गाइड म्हणतात, त्याला इथे कुंजी म्हणतात. इथली मुले ज्या कुलुपासाठी कुंजी घेतात ते कुलूप विषयाचे नसते, भाषेचे असते. घरी भोजपुरी, शाळेत हिंदी आणि विद्यापीठात, विशेषतः विज्ञानात आणि व्यवस्थापनात, इंग्रजी. आझमगढ, गाझीपूर, चंदौली, बलिया, पलीकडे बिहारातले बक्सर आणि भभुआ, इथून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात एकाच वेळी दोन विषय शिकायचे असतात. एक वेळापत्रकात असतो आणि दुसऱ्याचे नावच कुठे नसते.

मला हे ऐकून कळलेले नाही, मी ते भोगलेले आहे. मराठी शाळेतून विज्ञान शाखेत गेलो तेव्हा ‘वर्गमूळ’, ‘त्वरण’, ‘अपवर्तन’ हे सगळे मला येत होते. पहिले तीन महिने मी वर्गात गप्प बसलो, कारण जे येत होते त्याची इंग्रजी नावे येत नव्हती. शिक्षकांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘कच्चा आहे’ असा लावला. त्यांना दोन भाषांतल्या शब्दांची चार पानी यादी वाटता आली असती. ती चार पाने कुणी काढली नाहीत.

बीएचयूत प्रवेश आता सीयूईटी या सामाईक परीक्षेतून मिळतो. 2022 पासून ही परीक्षा तेरा भाषांत देता येते, त्यांत मराठीही आहे. नांदेडची किंवा भंडाऱ्याची मुलगी मराठीतून परीक्षा देऊन बनारसला पोचू शकते, आणि हे मोठेच पाऊल आहे. फक्त परीक्षेच्या दिवशी मान्य असलेली तिची भाषा वर्गाच्या पहिल्या दिवशी कुठे जाते, हा प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही.

याच विद्यापीठाच्या उद्घाटन समारंभात, फेब्रुवारी 1916 मध्ये, गांधीजी उभे राहिले आणि काशीसारख्या ठिकाणी आपल्याला परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज वाटते, अशा अर्थाने त्यांनी सुरुवात केली. त्या भाषणाची आठवण पुढच्या गोंधळासाठी काढली जाते: राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवर केलेली टीका, ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबवणे. पण त्यात पुण्याचा एक उल्लेख आहे. पुण्याच्या काही प्राध्यापकांशी झालेल्या बोलण्याचा हवाला देऊन गांधीजींनी सांगितले की, इंग्रजीतून ज्ञान मिळवताना प्रत्येक भारतीय तरुणाची किमान सहा वर्षे वाया जातात. सहाचा आकडा काटेकोर आहे की नाही, यावर वाद घालता येईल. तीन म्हणा, दोन म्हणा. ती वर्षे कुणाची जातात, यावर वाद नाही.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी 1921 मध्ये, गांधीजींच्याच हस्ते बनारसमध्ये काशी विद्यापीठ सुरू झाले. शिवप्रसाद गुप्त आणि भगवानदास यांनी उभे केलेले, सरकारी मदत न घेणारे आणि हिंदीतून शिकवणारे. असहकारात शाळा सोडलेला लालबहादूर नावाचा एक मुलगा तिथून ‘शास्त्री’ झाला आणि ती पदवीच त्याचे आडनाव बनली. शाळा सुटलेल्या मुलांसाठी, त्यांना येते त्या भाषेत, नवे विद्यापीठच काढायचे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी सुचले होते.

भाषेनंतर वेळ. बनारस कँट स्टेशनला सकाळच्या पॅसेंजर गाड्यांतून जी गर्दी उतरते, तीत विद्यार्थी असतात. जे वसतिगृहात नाहीत ते लंका, छित्तूपूर, सामनेघाट भागांतल्या ‘लॉज’मध्ये एका खोलीत तिघे-चौघे राहतात, आणि ज्यांना तेही परवडत नाही ते रोज ये-जा करतात. मदनपुरा, बजरडीहा, अलईपूर इथल्या विणकरांच्या घरांत माग थांबला की चूल थांबते. मुलगा बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून साडीची ऑर्डर पुढे जात नाही. अशा मुलाला 75 टक्के हजेरीचा नियम काय सांगतो? दहाचा तास, मग दोन तास रिकामे, मग एकचा तास, मग साडेतीनचा. अशा वेळापत्रकात त्याचा अख्खा दिवस जातो आणि तीनच तास शिकणे होते. तेच तास सलग ठेवले, तर अर्धा दिवस मागासाठी उरतो. याला ना कायदा लागतो ना पैसा. वेळापत्रक बनवणाऱ्याने मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणायला हवा, इतकेच.

महाराष्ट्रात हे कुणी केलेच नाही असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण ज्यांच्यासाठी कॉलेज होते त्यांना दिवसा नोकरी करायची होती. घड्याळ आधी विद्यार्थ्याचे पाहिले आणि मग कॉलेजचे ठरवले.

मुलींच्या बाबतीत घड्याळाला कुलूपही असते. बीएचयूचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव गायकवाडांच्या नावाचे आहे, देखणे आणि भव्य. 2016 मध्ये इथले विद्यार्थी ग्रंथालय रात्रभर उघडे राहावे म्हणून उपोषणाला बसले होते. ते उघडे राहिले असते तरी मुलींना उपयोग काय होता, कारण त्यांच्या वसतिगृहाचे फाटक आधीच बंद होत असे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2017 मध्ये, आवारात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली आणि मुली सिंहद्वारावर ठाण मांडून बसल्या. सुरक्षितता मागायला बसलेल्या मुलींना रात्री लाठ्या खाव्या लागल्या. शिक्षणाच्या लवचीकतेवर चर्चा करताना आपण दिवाबत्ती, रस्ता आणि फाटकाची वेळ हे विषय ‘प्रशासना’च्या खात्यात टाकतो. मुलीच्या दृष्टीने तोच अभ्यासक्रमाचा पहिला धडा असतो.

आणि ताट. बिहारातल्या आराजवळच्या चंदवा गावचा जगजीवन राम नावाचा मुलगा 1920 च्या दशकात बीएचयूत आला. त्याची हुशारी पाहून मालवीयजींनी स्वतः त्याला बोलावले होते आणि शिष्यवृत्तीही होती. दार असे सन्मानाने उघडले गेले. पण मेसमध्ये दलित मुलाला वाढायला आणि त्याचे ताट उचलायला नकार, तिथल्या न्हाव्याचा केस कापायला नकार. इंटर झाल्यावर तो मुलगा कलकत्त्याला निघून गेला आणि बीएस्सी तिथून झाला. पुढे तो देशाचा संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान झाला, म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली. जे निघून गेले आणि कुणीच झाले नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात सापडणार नाही.

म्हणूनच ‘अनेक निर्गमन’ या नव्या सोयीकडे मी सावधपणे पाहतो. बाहेर पडण्याचे दार गरिबांच्या मुलांसाठी कायम उघडेच होते. त्याला गळती म्हणत. आता गळतीच्या हातात प्रमाणपत्र दिले जाईल. रिकाम्या हातापेक्षा ते बरे, हे मान्य. पण खरी परीक्षा परत येण्याची आहे. लग्न झालेली मुलगी चार वर्षांनी मांडीवर मूल घेऊन आली, सुरतेच्या कारखान्यातून मुलगा परत आला, तर त्यांचे श्रेयांक बँकेत शाबूत असतील. त्यांना खिडकीवर कोण भेटेल? बदललेला अभ्यासक्रम कोण समजावेल? वसतिगृहात वयाची अट आडवी आली तर कुणाकडे जायचे? श्रेयांक सांभाळायला संगणक पुरतो, पण परत आलेल्या माणसाला सांभाळायला माणूस नेमावा लागतो. प्रत्येक विभागात फक्त या कामासाठी एक शिक्षक हवा आणि त्याच्या तासिकांमधून ते काम वजा व्हायला हवे.

लंकेहून शहराकडे येताना वाटेत दुर्गाकुंड लागते. तिथे हनुमानप्रसाद पोद्दार यांच्या नावाची अंध मुलांची शाळा आहे. पूर्वांचलातल्या अंध मुलांसाठी विद्यापीठापर्यंत जाणारी ती जणू पायवाटच. करोनाच्या काळात तिथले नववी ते बारावीचे वर्ग बंद करण्याचा निर्णय झाला आणि 2021 मध्ये ती मुले रस्त्यावर येऊन बसली, दिवसामागून दिवस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, दर तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. पण बारावीपर्यंत पोचायची वाटच बंद झाली, तर त्या पाच टक्क्यांवर कोण बसणार?

जे पोचतात त्यांच्यापुढे एक अगदी साधी अडचण असते. शिक्षक व्हॉट्सॲपवर नोट्स पाठवतात, म्हणजे वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ. डोळस मुलाची सोय झाली. अंध मुलाच्या मोबाइलमधले वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मात्र तिथे मुके होते, कारण त्याच्या लेखी ते अक्षर नसून चित्र असते. त्याच नोट्स युनिकोडमध्ये टाइप केल्या तर तो त्या ऐकू शकतो. आणि मग गंमत अशी की, चंदौलीहून गाडीत उभ्याने येणारी मुलगीही त्या कानात घालून ऐकू शकते आणि हिंदी माध्यमाचा मुलगा अडलेला शब्द शोधू शकतो. रोनाल्ड मेस हा अमेरिकन वास्तुविशारद स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरत असे. सर्वांना वापरता येईल अशी रचना पहिल्यापासूनच करावी, हा विचार त्याने रुजवला. जिन्याशेजारचा उतार खुर्चीसाठी बांधला तरी बाबागाडी, सामान आणि म्हाताऱ्यांचे गुडघे सगळेच त्यावरून जातात. नोट्सनाही असा उतार देता येतो.

इथे प्राध्यापक मंडळी हळूच विचारतात, आणि त्यांचे विचारणे मी हसण्यावारी नेणार नाही: अशाने दर्जाचे काय? एका वर्गात शंभर मुले, रिकाम्या जागा भरलेल्या नाहीत, निम्मे काम अतिथी अध्यापकांवर. त्यात आणखी लवचीक कसे व्हायचे? यातले दुसरे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. शिक्षकांच्या जागा न भरता लवचीकतेची परिपत्रके काढणे हा शिक्षकांवरही अन्याय आहे. पहिल्याचे उत्तर मात्र बापूदेवांनी देऊन ठेवले आहे. संस्कृतात आणले म्हणून बीजगणित सोपे झाले नाही. समीकरण तेवढेच अवघड राहिले, आणि जो सोडवू शकत होता त्याला ते सोडवता आले. दर्जा ठरतो शेवटी काय येते यावर. कोणत्या रस्त्याने आलात, किती वर्षांत आलात, हे दर्जाच्या खात्यातले नाही.

बीएचयूचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. हिंदी साहित्याच्या इतिहासाची घडण करणारे आचार्य रामचंद्र शुक्ल इथे हिंदी विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. कवी ‘हरिऔध’ कानूनगोच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथे शिकवायला आले. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी 1950 मध्ये संगीताचे शिक्षण इथे उभे केले, आणि त्यांची विद्या गुरूच्या घरी मिळालेली होती. शिक्षक निवडताना विद्यापीठ एवढे वाकू शकले आणि त्याची मान उंचच झाली. विद्यार्थ्यासाठी वाकल्याने ती खाली जाईल, हे भय मला पटत नाही.

बनारसमध्ये आजही एक शब्द ऐकू येतो: ‘प्राइवेट’. ‘प्राइवेट फॉर्म भरला’ म्हणजे वर्गात न जाता परीक्षा दिली. मराठीत त्यालाच आपण ‘बहिःस्थ’ म्हणतो. शब्दातच सांगून टाकले की, तू बाहेरचा. या बाहेरच्यांसाठी नाशिकला 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाता येईल, अशी वाट तिथे काढली गेली. ताकवले पुढे दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, कुलगुरू झाले. त्या इग्नूचे बनारसमधले प्रादेशिक केंद्र बीएचयूच्याच आवारात आहे. शिवपूरच्या मध्यवर्ती कारागृहात इग्नूचे अभ्यासकेंद्र चालते, आणि सुमारे दहा वर्षांपूर्वी तिथल्या एका तरुण कैद्याने पर्यटनाच्या पदविकेत सुवर्णपदक मिळवले. ज्याला तुरुंगाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते त्याने प्रवासाचा अभ्यास केला आणि त्यात तो पहिला आला. विद्यापीठ भिंतीपलीकडे गेले, म्हणून हे घडू शकले.

आणखी एक बहिःस्थ या गोष्टीत आहे. 1916 हे साल आपण बीएचयूचे म्हणून ओळखतो: व्हाइसरॉय, संस्थानिक, गंगाकाठची तेराशे एकर जमीन. त्याच वर्षी पुण्याजवळ हिंगण्याला धोंडो केशव कर्वे यांनी बोटांवर मोजण्याइतक्या मुली घेऊन महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून. घर सोडता न येणाऱ्या बाईला बाहेरून परीक्षेला बसायची सोय. गणित झेपत नसेल तर त्यापायी पदवी अडू नये, असा अभ्यासक्रम. आज धोरणाच्या कागदावर लवचीकता म्हणून जे जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे त्या माळावर होते, आणि त्यामागे राजा नव्हता. पुढे उद्योगपती ठाकरसींची देणगी आली तरी सरकारमान्यता आली नाही. दर्जाचे काय, हा प्रश्न अण्णा कर्व्यांनाही आयुष्यभर विचारला गेला.

1942 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने कर्व्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. अण्णांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पदव्यांना कायद्याची मान्यता मिळाली ती आणखी नऊ वर्षांनी, 1951 मध्ये.